भाड्याचा ब्रश आणि बाबलचं काजळ

ब्रश विकत घ्यायचा असतो. भाड्यानं आणायचा नसतो. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्यावरून पेडण्याच्या बाजारात मला हट्टी म्हणतात. म्हणोत.

मी फोटोवाला. शाळा मराठी चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या मेहेरबानीनं. अंकवाल्या मंडळींनी निरोप धाडला की आबा, महागडं सॉफ्टवेअर न घेता फोटो कसे दुरुस्त करतात ते आमच्या वाचकांना सांगा. मी म्हटलं सांगीन, पण माझ्या पद्धतीनं. माझं शुद्धलेखन पाहिजे तर तपासा, माझं म्हणणं तपासू नका.

आधी थोडं धंद्याबद्दल, कारण आजच्या लोकांना वाटतं फोटो दुरुस्त करणं कॉम्प्युटर आल्यावर सुरू झालं. आमच्या वेळेला फोटो दुरुस्त व्हायचा तो निगेटिव्हवर, पेन्सिलीनं. निगेटिव्हवर माणूस उलटा असतो. केस पांढरे, दात काळे. जिथं सुरकुती तिथं बारीक उजेडाची रेघ दिसते. पेन्सिलीचं शिसं एमरी पेपरवर घासून सुईसारखं करायचं आणि ती रेघ ठिपक्याठिपक्यानं भरायची. भरली की छापील फोटोत सुरकुती पुसट होते. जास्त भरली की माणूस मेणाचा होतो, कमी भरली की गिऱ्हाईक फोटो तोंडावर फेकतो. माझ्या वस्तादानं हे काम मला म्हापशाला शिकवलं आणि शिकवताना बोटांवर इतक्या पट्ट्या मारल्या की पुढं माझा हात कधी थरथरला नाही. आजही थरथरत नाही. कोणाला बघायचं असेल त्यानं यावं.

आणखी एक रीत होती, ती पुढं लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. जुना फोटो वाळवीनं खाल्लेला असायचा. आजोबांचा कान गेलेला, हनुवटी गेलेली. मग आम्ही घरातलं माणूस बोलावून घ्यायचो. मुलाचा कान काढून बापाला बसवायचा, बहिणीची हनुवटी भावाला. रक्ताचा कान बसतो, परका कान कितीही चांगला असला तरी डोक्याला चिकटवल्यासारखा दिसतो. अशी कानं-नाकं मी आमच्या तालुक्यात पुष्कळ बसवली. कित्येक घरांत भिंतीवरचे आजोबा नातवाच्या कानांनी ऐकतायत आणि घरच्यांना आता ते आठवतही नाही.

पुढं कॉम्प्युटर आला. मला वाटलं, हे माझ्या हातचं काम काढून घेणार. तसं काही झालं नाही. एक माणूस आला, सीडी घातली, ते जगभर चालणारं मोठं सॉफ्टवेअर बसवून गेला. ती सीडी कुठून आली हे मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. तेव्हा कोणीच कोणाला विचारत नव्हतं. मी हळूहळू शिकलो. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण चित्रं कळायची. पेन्सिल, ब्रश, खोडरबर, ठसा. सगळी माझीच हत्यारं त्या काचेत जाऊन बसली होती. फक्त नावं बदलली होती.

त्या दिवसांतलं एक काम आठवतं. मुळगावचं लग्न. खाणी जोरात चालू होत्या, रस्त्यावर ट्रकांची रांग आणि मांडवावर लाल धूळ. फोटो आले तर वऱ्हाडाचे सगळे पांढरे सदरे गुलाबी. मुलीचा बाप माझ्यापुढं उभा राहून म्हणाला, "फोटोवालेबाब, आमचे सदरे पांढरे होते. तुमच्या कॅमेऱ्यान रंगयले."

"कॅमेऱ्याक रंग खंयसून येतलो? तुमच्या खाणीचो रंग तो," मी म्हटलं.

"तां माका सांगू नका. पांढरे करा."

पेटून उठलो आणि बसलो. एकेक सदरा धुतला, एकेक धोतर धुतलं, झाडांची पानं हिरवी केली, मांडवाचं कापड दुधासारखं केलं. आल्बम दिला. पाहून मुलीचा बाप खूश. पण घरातल्या म्हाताऱ्यानं पानं उलटली, परत उलटली आणि विचारलं, "हां लगीन खंय जालां? आमच्या मुळगावात न्हय." तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

आता खरी गोष्ट.

ह्या श्रावणात हळर्णहून दिगंबर आला. दिगंबर म्हणजे बाबलचा मुलगा. आम्ही त्याला दिगूच म्हणतो, जरी तो पणजीला सरकारी कचेरीत साहेब आहे आणि त्याचे कानशिलावरचे केस पांढरे झाले आहेत. सोबत त्याची आई, सुलूवयनी. बाबल माझा दोस्त, म्हणून ती माझी वयनी. तिनं पदरातून एक प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून कागद, कागदातून फोटो. फोटो मीच काढलेला होता. माझा हात मी ओळखतो.

फोटोत एक राणी उभी होती. नऊवारी, खोटे केस, गळ्यात खोटे दागिने, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोळ्यांत काजळ. तोच बाबल.

बाहेरच्या वाचकांना सांगतो, आमच्याकडे जत्रेला दशावतारी नाटक होतं. रात्रभर चालतं, आणि त्यात बायका नसतात. बायकांचं काम पुरुष करतो. बाबल तेच काम करायचा. द्रौपदी म्हणा, तारामती म्हणा, तो रडला की जत्रेतल्या बाया रडायच्या. दिवसा शेती, रात्री राणी. हा फोटो मी केरीच्या जत्रेत रंगमंचाच्या मागं ट्यूबलाइटखाली काढला होता. रंग उडून फोटो जांभळट झालेला. निगेटिव्ह माझ्याकडे होतं, पण आमच्या दमट हवेत त्याला बुरशी लागून ते कधीच गेलं.

"भावजी," वयनी म्हणाली, "ह्याच्यातसून तेका भायर काढूक जाता?"

मला आधी कळलं नाही. दिगू म्हणाला, "काका, बाबांचा दुसरा फोटोच नाही. लग्नात फोटोवाला आणायची ऐपत नव्हती. मतदार कार्डं यायच्या आधीच ते गेले. नवीन घर बांधलं, हॉल केला, भिंतीवर आजोबा आहेत, काका आहेत, बाबा नाहीत. ह्या म्हाळाला फोटो पाहिजे." म्हाळ म्हणजे पितृपंधरवड्यातलं श्राद्ध, चवथीनंतर, म्हणजे गणपतीनंतर येतं.

"होच फोटो लाव," मी म्हटलं. "वाईट काय हा ह्याच्यात?"

दिगूनं खाली पाहिलं. "हॉलात? पाहुणे येतात, काका. विचारतात ही बाई कोण. शाळेत मुलं मला आईवरून चिडवायची, तुझी आवय खंयची, घरातली की नाटकातली? पुरे झालं आता."

वयनी मुलाकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती. "माका पावण्यांचा काय नाय, भावजी. माका तेचां तोंड आठवना झालां. डोळे मिटले काय ही राणी येता समोर. घरातलो बाबल येणाच. मी मेल्यार तेका वळखतलंय कशी?"

फोटो ठेवून घेतला.

ती दोघं गेल्यावर माझ्या लक्षात आलं ते मी इथं लिहितो, कारण मनाला लागलेलं आहे. बाबल पेडण्याच्या बाजाराला आला की माझ्याकडे यायचा. जनेलाजवळच्या, म्हणजे खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचा. ते स्टूल कॅमेऱ्याच्या बरोबर समोर. चहात उंडो पाव बुडवून खायचा, रात्रीच्या नाटकातल्या गमती सांगायचा. राजाची मिशी युद्धात पडली आणि राक्षसानं उचलून दिली, असली काही. दिवे लावलेले, कॅमेरा तयार, माणूस समोर. आणि मी एकदाही बटण दाबलं नाही. फिल्म महाग, आणि कारणाशिवाय फोटो काढायची कोणाला सवयच नव्हती. राणीचा फोटो काढायला कारण होतं. बाबलचा काढायला काय कारण?

दुसऱ्या दिवशी कामाला लागणार, तर पावसात वीज कडाडली आणि माझा कॉम्प्युटर जळाला. नवा आणला. घरी आणून बघतो तर त्याला सीडी घालायला तोंडच नाही! दुकानदाराला फोन केला.

"आबा, आता सीडी नसते. आता ते सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्यानं मिळतं."

"भाड्यानं?"

"हो, दर महिन्याला पैसे भरायचे. नाही भरले की बंद."

"म्हणजे मी ब्रश हातात धरलेला आसताना कोणीतरी येऊन काढून नेतलो?"

"तसंच समजा."

फोन ठेवला. मी जन्मभर स्वतःचं हत्यार वापरलेला माणूस. वस्तादानं दिलेला निगेटिव्ह खरवडायचा चाकू अजून माझ्या खणात आहे. आणि आता म्हातारपणी ब्रशाला भाडं? बायको म्हणाली, "भरा पैसे आणि मोकळे व्हा. सुलूक शब्द दिलो हा तुमी." मी म्हटलं, शब्द मी दिला, भाड्याचा शब्द दिलेला नाही. ती म्हणाली, "तुमच्या हट्टाक पण महिन्याचा भाडां लावक होया." मी जेवलो नाही त्या दुपारी. म्हणजे उशिरा जेवलो.

ह्या रागात असताना पासपोर्ट फोटोला एक गिऱ्हाईक आलं. परशुराम नाव, बेळगावकडचा, तुयेच्या कारखान्यात कामाला. त्याआधी डिचोलीला फ्लेक्सचे बोर्ड बनवायच्या दुकानात होता. वाढदिवसाच्या शुभेच्छा, पुढाऱ्यांची तोंडं, तसले. फोटो काढून घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काय ओ मामा, कुणावर चिडलायसा?"

मी भाड्याची गोष्ट सांगितली. तो हसायला लागला. "अवो, आमच्या डिचोलीच्या मालकानं बी भाडं भरलं न्हाई कधी. फुकटातलं हाय की. चांगलं हाय. चोरीचं न्हवं, द्यायलाच ठेवलंय त्यांनी."

"फुकट कोण देतलो?"

"देतात, मामा. जगात चार शाणी माणसं बसत्यात, करत्यात, आणि म्हणत्यात घ्या. तुमाला घ्यायचं हाय का भांडायचं हाय?"

त्यानं तिथंच बसून इंटरनेटवरून उतरवून घेतलं. चालू करताना पडद्यावर एक कोल्ह्यासारखं तोंड येतं, दातांत ब्रश धरलेला. मी त्याला कुत्रा म्हणतो. बायकोही आता विचारते, "कुत्र्यात काम चल्लां काय मोबाइलात?"

अंकवाल्यांनी जे विचारलं ते आता इथं सांगून टाकतो. फोटो जोडणं, कापणं, डाग काढणं, एकावर एक चढवणं, ह्याला तो कुत्रा पुरतो. सुरुवातीला त्याची बटणं भलत्याच जागी वाटतात, नव्या सुनेला दुसऱ्याचं स्वयंपाकघर वाटतं तशी. पंधरवड्यात हात बसतो. कोणी जुन्या मोठ्या सॉफ्टवेअरातली फाइल आणून दिली आणि ती उघडेना, तर इंटरनेटच्या पानावरच चालणारं एक आहे, त्यात उघडते. बाजूला जाहिराती नाचतात, त्यांच्याकडे बघायचं नाही. हातानं रंगवायचं असेल, केस काढायचे असतील, तर चित्रकारांसाठी केलेलं आणखी एक फुकट मिळतं, त्याचे ब्रश फार गोड आहेत. नुसता उजेड कमीजास्त करायला मोबाइलमधलं पुरे. पण मोबाइलमध्ये ते चेहरा सुंदर करायचं बटण असतं, त्याला हात लावू नका. त्यातनं सगळी माणसं मैद्याच्या गोळ्यासारखी बाहेर पडतात. घरचे आजोबा आणि दुकानातला पाव ह्यांत फरक राहिला पाहिजे.

परशुराम जाताना एक सांगून गेला. "मामा, एक ऐका. खालच्या मूळ फोटोला हात लावू नगा. जे काय कराल ते वरनं नवीन थर घालून करा. मिशी वेगळी, कपडे वेगळे, समदं वेगळं. बाजूला डोळ्याचं चित्र हाय बगा. तो डोळा झाकला की थर गायब. उघडला की परत आला. आणि काम झालं म्हणून समदे थर एक करू नगा."

मला हे पटेना. माझा जुना कॉम्प्युटर इतका मंद की दोन थर झाले की धापा टाकायचा, म्हणून मी जे केलं ते लगेच एक करून टाकायचो. आणि त्याच्याही आधी कागदावर कुठला थर? निगेटिव्हवर चाकू फिरला की फिरला. माघारी येणं नाही. त्या भीतीनंच तर हात घडतो.

"हात चुकणाऱ्यांनी थर घालायचे," मी म्हटलं.

"मग तुमचा कधी चुकत न्हाई?"

"ना."

"बरं झालं. तरी घाला. माझ्यासाठी घाला." आणि चेष्टेनं हात जोडून गेला. इतकं नम्रपणे सांगितल्यावर काय करणार? घातले थर.

कामाला बसलो. आधी जांभळट रंग उतरवला. मग खोटे केस काढले. त्याचे खरे केस मला आठवत होते, कपाळावरून मागं फिरवलेले, ते काढले. दागिने उतरवले. कुंकू पुसलं आणि बाजूच्या कातडीनं कपाळ भरलं. तोंडावर सफेद्याचा लेप होता, त्याच्याखाली बाबलचा उन्हातला रंग परत आणायला फार दिवस गेले. साडीच्या जागी सदरा पाहिजे. माझाच सदरा घातला, स्वतः स्टुलावर बसून मोबाइलनं फोटो काढला आणि गळ्यापासून खाली बाबलला दिला. आमची अंगकाठी सारखीच होती.

अडलं ते डोळ्यांत. काजळ दाट, पापणीच्या आतपर्यंत भरलेलं. ते पुसायला गेलो की डोळेच मरायचे. उकडलेल्या माशासारखे दिसायचे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी धंद्याची जुनी रीत काढली. दिगूला बोलावून घेतलं, उजेडात बसवलं, त्याच्या डोळ्यांचा फोटो काढला आणि ते बापाला बसवले. बसले. रक्ताचे डोळे, का नाही बसणार? कुठं जोड दिसत नव्हता. मलाच माझं कौतुक वाटलं.

दिगूनं पडद्यावर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "काका, मिशी घाल."

"बाबलाक मिशी नव्हती रे."

"भिंतीवर सगळ्यांना आहे. आजोबांना आहे, काकांना आहे. घाल थोडी." त्याच्या आवाजात साहेब नव्हता, शाळेतला दिगू होता. मी मिशी घातली. छान घातली. एकेक केस वेगळा काढला. त्या पडद्यावर मग एक भारदस्त गृहस्थ तयार झाला, ग्रामपंचायतीत निवडून येईल असा.

चवथ झाली. म्हाळाच्या आधी दिगू आईला घेऊन आला. छापायच्या आधी तिनं बघावं असं मीच म्हटलं होतं. तिला जनेलाजवळच्या त्याच स्टुलावर बसवलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. मी कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो, शाबासकी घ्यायला.

वयनीनं चष्मा पुसला. पाहिलं. जवळ जाऊन पाहिलं.

"हो कोण?"

"आई, बाबा ते," दिगू म्हणाला.

"नाय बा. हो तुझ्या मोप गावच्या मामासारखो दिसता." मग माझ्याकडे वळून, "भावजी, मिशी खंयसून हाडलात?"

मी म्हटलं, "शोभता म्हणून."

"शोभता! तेका मिशी आसती तर आमी उपाशी मेलं असतंव. मिशी आसलेल्या द्रौपदीक कोण सुपारी देतलो?" दिगूही हसला, नाइलाजानं.

माझा कान गरम झाला. पण परशुरामाची शिकवण होती. मिशीच्या थराचा डोळा झाकला. मिशी गेली, खाली तोंड तसंच्या तसं. एरवी मी ती चिकटवून एक करून टाकली असती, आणि मग सगळं पहिल्यापासून.

वयनी पुढं वाकली. "तोंड तेचां. हां, हनुवटी तेचीच." आणि मग तिचा चेहरा पडला. "पण भावजी, डोळे दिगूचे."

आजवर कोणी मला असं पकडलं नव्हतं.

"पोरग्याच्या डोळ्यांनी नवरो माझ्याकडे बघता. माका लाज दिसता. काढा ते."

"वयनी, ते काढले तर खाली काजळ हा. तां धुवन जायना. मी मरे मरेसर करून बघलंय."

"काढा तुमी."

दिगू पुढं आला, "आई, अगो काजळ नको..." पण तोवर माझा हात गेला होता. थर झाकला. दिगूचे डोळे गेले आणि खालचे आले. पुरुषाचं तोंड, मागं फिरवलेले केस, माझा सदरा, आणि त्यात ते काजळ भरलेले डोळे. मला ते अर्धवट काम वाटलं. शरम वाटली. मी लगेच म्हटलं, "थांब, दुसरां कायतरी करतंय," आणि हात पुढं केला.

"हात काढा!" वयनी ओरडली. त्या बाईचा चढा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

ती बघत राहिली. खाली बाजारात मासळीवाल्या बायकांचा कलकलाट चालला होता, तोही लांब गेल्यासारखा वाटला. मग ती बोलली ती माझ्याशी नाही, दिगूशीही नाही.

"सकाळी असोच येय. नाटक सोपलां काय चालत येय, तां केरी आसू दे नायतर खंयचांय आसू दे. मी भाणात पाणी तापवन ठेवलेला. खोबरेल तेल लावन तोंड पुसून काढी. सगळां जाय. काजळ तेवढां जाय नसा. दनपारपर्यंत रव. तसोच चाय पिय, तसोच शेतात जाय." तिनं पदर डोळ्यांना लावला आणि परत पाहिलं. "इलो बघ. इलो."

मी जन्मभर लोकांचे डाग काढले. बाबलचं काजळ मी डाग म्हणून धरलं होतं. मुळगावचा म्हातारा आठवला, लाल धूळ पुसल्यावर स्वतःच्या घरचं लग्न न ओळखणारा.

दिगू जनेलाकडे तोंड करून उभा होता. तिथूनच म्हणाला, "शाळेत सोडायला यायचे तेव्हा असेच असायचे. झोपलेले नसायचे, तसेच यायचे. मी त्यांना अर्ध्या वाटेवर थांबायला सांगायचो."

वयनी म्हणाली, "माका सांगलेलां तेणी."

"काय सांगलां?"

"पोरगो माझो हुशार आसा, एकटोच जाता म्हणान."

दिगूनं खिशातला रुमाल काढला, तसाच हातात धरला. मग म्हणाला, "काका, असोच छाप."

छापला. लाकडी चौकट मी माझ्याकडून घातली.

म्हाळाच्या दिवशी मला जेवायला बोलावणं होतं. हळर्णला गेलो. नव्या हॉलात भिंतीवर सगळे मिशीवाले रांगेनं, आणि त्यांच्यात बाबल, माझा सदरा घालून, अबोलीचा हार, डोळ्यांत काजळ. वयनी आतबाहेर करताना प्रत्येक वेळी वर बघत होती, घरातल्या माणसाकडे बघतात तसं, सहज.

दिगूच्या कचेरीतले दोघेतिघे आले होते. पंगतीला बसताना त्यांतला एकजण फोटोपुढं थांबला आणि म्हणाला, "साहेब, हे तुमचे वडील? डोळ्यांत काजळ कसं काय?"

वयनी दाराशी उभी राहिली.

दिगू वाढत होता. त्यानं डाळीचं भांडं खाली ठेवलं, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाला, "कामावरून आत्ताच आलेत."